अंगण वाकडं की पाय?

धायरीतल्या एका मैदानावर संध्याकाळी कबड्डीचा सामना संपला. तेरा-चौदा वर्षांचा चढाईपटू गुडघ्यावरची माती झटकत म्हणाला, "पंचांनी बोनस दिलाच नाही." त्याचे काका म्हणाले, "याचा स्वभावच भित्रा. ऐन वेळी कच खातो." हार एक, कारणं दोन. क्रीडा मानसशास्त्रातल्या दोन मोठ्या विचारधारा याच दोन वाक्यांत सापडतात.

काकांचं वाक्य व्यक्तिमत्त्वाच्या सिद्धांतांकडे जातं. रेमंड कॅटेल यांनी 1949 मध्ये सोळा घटकांची चाचणी आणली. हान्स आयसेंक यांनी अंतर्मुखता-बहिर्मुखता आणि भावनिक स्थैर्य यांवर माणसं मोजली. अशा चाचण्यांतून भावी विजेता आधीच हेरता येईल, अशी मोठी आशा होती. ती फळली नाही. विल्यम मॉर्गन यांना यशस्वी खेळाडूंच्या मनःस्थितीचा आलेख हिमनगासारखा दिसला: उत्साह पाण्यावर, ताण, नैराश्य, राग, थकवा आणि गोंधळ पाण्याखाली. पण मनःस्थिती बदलते, बदलवताही येते. नाशिकचे भीष्मराज बाम हे निवृत्त पोलीस अधिकारी होते. योगाच्या आधारानं त्यांनी कितीतरी खेळाडूंच्या मनाची मशागत केली. 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण निदान मैदानावर तरी मला मान्य नाही.

मुलाचं वाक्य कारणमीमांसेच्या सिद्धांताचं. माणूस घटनेमागचं कारण कसं शोधतो, हे फ्रिट्झ हायडर यांनी 1958 च्या ग्रंथात मांडलं. बर्नार्ड वायनर यांनी पुढे प्रत्येक कारणाला तीन प्रश्न विचारले: ते आपल्यात आहे की बाहेर? टिकणारं आहे की बदलणारं? आपल्या हातातलं आहे की नाही? जिंकलो तर कर्तृत्व आपलं आणि हरलो तर अंगण वाकडं, ही खोड सर्रास दिसते. पण खरा घात करतं ते आतलं, कायमचं आणि हाताबाहेरचं कारण: 'माझ्यात दमच नाही.' असं वाटणारा सराव कशाला करील?

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवा. टोकियो ऑलिंपिकमध्ये तो 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 18.12 सेकंदांत धावला. राष्ट्रीय विक्रम झाला, तरी अंतिम फेरी हुकली. वेगळ्या हीटमधून थेट पात्र ठरलेल्या धावपटूपेक्षा त्याची वेळ सरस होती. नशिबाला बोल लावायला याहून चांगलं निमित्त मिळालं नसतं. पण कुठल्या हीटमध्ये नाव येईल हे हातात नसतं, स्वतःची वेळ असते. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो 8:11.20 अशी वेळ देऊन रौप्यपदक घेऊन आला. सुवर्ण फक्त 0.05 सेकंदानं दूर राहिलं. 2024 मध्ये पॅरिसला त्यानं अंतिम फेरीही गाठली.

'मेहनत कमी पडली' एवढंही मात्र पुरत नाही. जीव तोडून खेळलेल्या पोराला ते अन्यायाचं वाटतं, आणि उद्या काय करायचं हे त्यातून कळतही नाही. कारण बोट ठेवता येईल इतकं नेमकं हवं.

त्या संध्याकाळी प्रशिक्षक मुलाला बोनस रेषेपाशी घेऊन गेले. "पुढचा पाय रेषेपार गेला होता, बरोबर. मागचा कुठं होता?" मुलानं पुन्हा पाय टाकून पाहिला. मागची टाच मातीतच होती. "उचललाच नाही, सर." त्या उत्तरात ना पंच होते, ना भित्रा स्वभाव. अंधार पडेपर्यंत तो त्या रेषेवर मागचा पाय उचलत राहिला, आणि काका कडेला उभं राहून मोजत होते.