बँकेत ‘लिंक नाही’ म्हणजे नेमकं काय नाही? डेटा कम्युनिकेशन आणि नेटवर्किंगच्या शिक्षणाची ओळख

वर्धा : पीक कर्जाचे पैसे काढायला तालुक्याला गेलेला माणूस दुपारी रिकाम्या हाताने परत येतो आणि सांगतो, “लिंक नाही म्हणे.” राशन दुकानात अंगठा लागत नाही तेव्हा दुकानदारही हेच सांगतो. ई-पीक पाहणीचा फोटो वावरात उभं राहून काढला, पण तो चढत नाही, स्क्रीनवर गोल चकरी फिरत राहते. गावात आता वीज जाणं आणि लिंक जाणं यात फार फरक राहिलेला नाही. वीज गेली तर डीपीवरून गेली की तार तुटली, हे गावातला एखादा पोट्टा पाहून सांगतो. लिंक कुठे गेली हे सांगणारं मात्र कोणी नसतं.

ती कुठे अडली हे शोधता येणं, हा कॉलेजात शिकायचा एक पूर्ण विषय आहे. त्याचं नाव डेटा कम्युनिकेशन आणि कॉम्प्युटर नेटवर्किंग. इंजिनीअरिंगला तो आहे, पॉलिटेक्निकला आहे, बीसीएलाही आहे. धंद्याच्या शिक्षणात तो बिझनेस डेटा कम्युनिकेशन म्हणून येतो. पण पोराला ‘कॉम्प्युटर लाईन’ द्यायची म्हणणाऱ्या घरात त्याचं नाव क्वचितच निघतं. कॉम्प्युटर म्हटलं की एमएससीआयटी, टायपिंग, नाहीतर एकदम पुण्याची सॉफ्टवेअर कंपनी. माहिती इथून तिथे नेण्याचं मधलं मोठं काम दिसत नाही, कारण ते जमिनीखाली आणि टॉवरवर चालतं.

विषयाची सुरुवात होते पॅकेटपासून. बोंडअळी पडलेल्या बोंडाचा फोटो कृषी सहायकाला पाठवला, तर तो फोटो अख्खा जात नाही. त्याचे तुकडे होतात. एका तुकड्यात साधारण १५०० बाइट माहिती मावते. म्हणजे ३ एमबीच्या फोटोचे अंदाजे २००० तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, कितवा तुकडा हेही लिहिलेलं असतं. ते पुढेमागे पोचले तरी पलीकडे नंबराप्रमाणे जुळतात आणि एखादा हरवला तर तेवढाच परत मागवला जातो. ही पद्धत व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४ मध्ये मांडली. तिलाच पुढे टीसीपी-आयपी म्हणू लागले. व्हिडिओ कॉलवर मात्र हरवलेला तुकडा परत मागवत बसायला वेळ नसतो, तो सोडून पुढे जातात. म्हणून मेसेज उशिरा आला तरी पूर्ण येतो आणि कॉलवर माणसाचा आवाज मध्येच तुटतो.

तुकड्यांना वाट कशी सापडते, हे समजायला पिनकोड पुरेसा आहे. वर्ध्याचा ४४२००१, आर्वीचा ४४२२०१, हिंगणघाटचा ४४२३०१. मुंबईतल्या पोस्टाला आर्वी कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. ४४ दिसलं की थैली विदर्भाकडे टाकायची, पुढचं पुढचे पाहतील. इंटरनेटवर हेच काम राऊटर करतो. आयपी पत्त्याचा पहिला भाग पाहून तो तुकडा पुढच्या नाक्यावर ढकलतो. (ही पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने बसवली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. नेटवर्किंगच्या इंग्रजी पुस्तकांत त्यांचं नाव सापडायचं नाही, पण शिकवायला यापेक्षा सोपं उदाहरण नाही.)

विद्यार्थी ज्या धड्याला सगळ्यात जास्त कंटाळतात, तो धडा सात थरांचा. ओएसआय मॉडेल म्हणतात त्याला. बहुतेक पोरं सात नावं पाठ करतात, पेपरात आकृती काढतात आणि विसरतात. खरं तर ‘लिंक नाही’चं उत्तर याच धड्यात आहे. थर म्हणजे बिघाड शोधायची पायरी.

ग्रामपंचायतीत किंवा घरी फायबरचा डबा बसवलेला असतो, त्याच्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत उजेडच पोचत नाही. केबल कुठेतरी तुटली, वाकली किंवा जोड निघाला. हा सगळ्यात खालचा थर. डबा दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, तक्रारच करावी लागते. दिवा ठीक आहे, पण मोबाईल वायफायला जुळूनही नेट चालत नाही, तर पत्ता मिळाला का ते पाहायचं. पत्ता नसेल तर राऊटर बंद-चालू केल्याने बरेचदा काम होतं. पत्ता मिळाला पण साईट उघडत नाही, तर साईटच्या नावाचं आकड्यात रूपांतर करणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, अडली असू शकते. हे सगळं ठीक असेल आणि तरीही राशनचा अंगठा लागत नसेल, तर गावातली लिंक चांगली आहे आणि पलीकडचा सर्व्हर गर्दीने दबला आहे किंवा बंद आहे. त्यावर दुकानदार काही करू शकत नाही आणि त्याच्याशी भांडूनही उपयोग नाही.

म्हणजे एकाच ‘लिंक नाही’चे किमान चार अर्थ झाले. ज्याला ते वेगळे करता येतात, तो तक्रार योग्य ठिकाणी करतो. ज्याला येत नाहीत, तो म्हातारीला तिसऱ्यांदा परत पाठवतो.

वेगाचंही तसंच. दुकानदार १०० एमबीपीएसचा प्लॅन देतो आणि माणूस समजतो की सेकंदाला १०० एमबी उतरणार. प्लॅनमधला आकडा बिटमध्ये असतो, फाईलचा बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी. त्यात हा पाट सगळ्यांचा मिळून असतो. बोर धरणाच्या किंवा निम्न वर्धाच्या कालव्यावर टेलच्या शेतकऱ्याला जे कळतं, ते पुस्तकात बँडविड्थच्या धड्यात लिहिलेलं आहे. वर सगळ्यांनी एकाच वेळी पाणी घेतलं तर खाली धार बारीक होते. रात्री आठला अख्खं गाव व्हिडिओ पाहतं तेव्हा हेच होतं. अंतराचा दोष मात्र फार कमी असतो. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला जवळपास २ लाख किलोमीटर जातो. वर्ध्याहून मुंबई ७५० किलोमीटर धरली तर जायला एका सेकंदाचा अडीचशेवा भाग लागतो.

आता गावाच्या तारेकडे येऊ. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तेव्हा तिचं नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क होतं, २०१५ पासून भारतनेट. पहिल्या टप्प्यात तारेची मांडणी सरळ रेषेची होती, झाडाच्या फांद्यांसारखी. जेसीबीने रस्त्याच्या कडेला एका जागी केबल उचकटली की तिथून पुढची गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये धरले आहेत आणि मांडणी रिंगची ठेवली आहे. रिंगमध्ये एका बाजूने तार तुटली तर माहिती उलट्या बाजूने फिरून येते. रेषा, तारा, रिंग, जाळं या मांडण्यांना टोपोलॉजी म्हणतात. परीक्षेत हा प्रश्न चार मार्कांचा असतो. गावात तो आठ दिवस पगार, पेन्शन, दाखले अडकण्याचा असतो.

धंद्याच्या अंगाने हा विषय शिकणाऱ्याला आणखी एक हिशेब करावा लागतो. हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगचं बिल, वजनकाटा आणि बँकेचा भरणा नेटवर चालत असेल, तर ऐन हंगामात दोन तास लिंक जाण्याचे किती पैसे? दुसरी लाईन घेणं त्यापेक्षा स्वस्त आहे का? आणि दुसरी लाईन घेतली, पण दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच नालीतून आल्या असतील, तर खड्डा खोदणारा दोन्ही एकदमच तोडणार. असा विचार करणारा माणूस पतसंस्थेला, खत विक्रेत्याला, शाळेला, रुग्णालयाला लागतो. कोडिंग त्याला थोडंच यावं लागतं.

शिकायचं कुठे, तर बाहेरगावी जाण्याआधी जिल्ह्यातच पाहावं. सेवाग्रामला बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सावंगी मेघेच्या अभिमत विद्यापीठातही अभियांत्रिकी सुरू झाली आहे. आर्वीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या एमएसबीटीई डिप्लोमात कॉम्प्युटर शाखेला चौथ्या सेमिस्टरमध्ये ‘डेटा कम्युनिकेशन अँड कॉम्प्युटर नेटवर्क’ याच नावाचा विषय असतो. डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांसाठी डिप्लोमात मराठी-इंग्रजी द्विभाषिक शिकवण्याची सोयही केलेली आहे. बारावी सायन्सवाल्यांना एमएचटी-सीईटी द्यावी लागते. बीसीएला आधी कोणी सीईटी विचारत नव्हतं. २०२४ पासून बीसीए, बीबीएसाठीही राज्याची सीईटी सुरू झाली आहे आणि गावात अजून पुष्कळांना हे ठाऊक नसल्याने अर्जाची तारीख हुकते.

मुलींसाठी एक गोष्ट ठळक सांगण्यासारखी आहे. राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी प्रक्रियेतूनच, म्हणजे कॅप राऊंडमधून घ्यावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही माफी नाही. खोली, मेस आणि बसचा खर्च वेगळा येतो, तो घरातच मोजून ठेवावा.

कॉलेज पाहायला गेलं की इमारतीपेक्षा नेटवर्किंगची लॅब पाहावी. राऊटर, स्विच कपाटात कुलूपबंद आहेत की पोरं हाताळतात? केबलला टोक लावायचं पक्कड कोणी कधी हातात घेतलं का? सध्या शिकत असलेल्या मुलाला बाजूला घेऊन हे विचारलं तर खरं उत्तर मिळतं. यंत्रं कमी असली तरी सराव थांबत नाही, कारण सिस्को कंपनीचं पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात खोटं नेटवर्क उभारून मोडूनही पाहता येतं. आयआयटी खरगपूरच्या प्राध्यापकांचा कॉम्प्युटर नेटवर्कवरचा पूर्ण कोर्स एनपीटीईएलवर मोफत आहे. भाषा इंग्रजी आहे, पण व्हिडिओ थांबवून पुन्हा पाहता येतो.

शहरातल्या ‘शंभर टक्के नोकरी’वाल्या क्लासच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतलेला बरा. सीसीएनए ही सिस्कोची परीक्षा नोकरीला खरंच उपयोगी पडते, तिची फी ३०० डॉलर आहे. ती परीक्षा सिस्कोच घेते. क्लासवाला फक्त तयारी करून घेतो आणि क्लासने स्वतः छापून दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे सीसीएनए नव्हे. कोणी तीस-चाळीस हजार मागत असेल तर त्यात परीक्षेची फी धरली आहे का, हे पावतीवर लिहून घ्यावं. पदवीनंतर पहिली नोकरीही बहुधा केबल ओढण्याची, रात्रपाळीत स्क्रीनवर लाल दिवे पाहण्याची असते. पोराला हे आधी सांगितलेलं असावं.

गावातच राहून काही करायचं असेल तर दोन वाटा उघड्या आहेत. बीएसएनएलच्या भारतनेट उद्यमी योजनेत स्थानिक माणूस घरोघरी फायबर जोडणी देतो, ती सांभाळतो आणि त्याला उत्पन्नातला वाटा मिळतो. दुसरी पीएम-वाणी. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत किराणा किंवा चहाच्या दुकानदारालाही वायफाय विकता येतं, त्यासाठी त्याला परवाना लागत नाही. दोन्हीकडे दिवा लाल झाला की लोक आधी त्याच्याच दारात येतील, आणि सुट्टीच्या दिवशीही येतील.