विम्याच्या कागदावरचं नातं

सांगलीच्या एसटी स्टँडवर अर्नाळकरांचा झुंजार किंवा गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप विकत घ्यायचा आणि सातारा यायच्या आत संपवायचा, अशा वाचकांपैकी मी एक. रहस्यकथेचं ते वेड पुढे मला जोसेफ हॅन्सनपर्यंत घेऊन गेलं. अमेरिकेतला हा समलिंगी रहस्यकथाकार गेली कित्येक वर्षं माझ्या टेबलावरून हललेला नाही.

त्याचा जन्म १९२३ चा, साऊथ डकोटातल्या अ‍ॅबर्डीनचा. पुढचं बहुतेक आयुष्य कॅलिफोर्नियात गेलं. १९४३ साली त्यानं जेन बॅनक्रॉफ्टशी लग्न केलं. तिचाही ओढा स्त्रियांकडेच होता, आणि तरी १९९४ मध्ये ती जाईपर्यंत हा संसार टिकला. ‘न्यूयॉर्कर’मध्ये कविता, ‘लॅसी’ या टीव्ही मालिकेच्या संहिता, जेम्स कोल्टन या टोपणनावानं स्वस्त कादंबऱ्या, असं मिळेल ते तो लिहीत होता. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. मला खिळवून ठेवलं ते तो ज्यात ओढला गेला अशा एका भांडणानं.

लॉस एंजेलिसमधून ‘वन’ नावाचं मासिक निघत असे. समलिंगी माणसांनी समलिंगी माणसांसाठी चालवलेलं. त्याचा ऑक्टोबर १९५४ चा अंक पोस्टानं अश्लील ठरवून अडवला. खालच्या दोन्ही न्यायालयांत मासिक हरलं, पण १३ जानेवारी १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. मराठी वाचकाला इथे र. धों. कर्वे आठवणारच. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली खटला भरला गेला आणि कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं ते डॉ. आंबेडकरांनी, साताऱ्याच्या सरकारी शाळेत शिकलेल्या भीमरावांनी. तो खटला ते हरले. आपल्याकडे ही लढाई चोवीस वर्षं आधी लढली गेली होती, याचा मला फार अभिमान वाटतो.

‘वन’ सरकारशी जिंकलं आणि घरातच फुटलं. ‘वन’ चालवणाऱ्यांपैकी डॉर लेग यांना अभ्याससंस्था उभारायची होती. संपादक डॉन स्लेटर म्हणत, आधी मासिक. एप्रिल १९६५ मध्ये एका रविवारी स्लेटरनी साथीदारांना घेऊन व्हेनिस बुलेव्हार्डवरच्या कचेरीतली पुस्तकं, फायली, वर्गणीदारांच्या याद्या असं सगळं उचललं आणि कावेंगा बुलेव्हार्डवर नव्या जागेत नेऊन ठेवलं. काही काळ एकाच नावाची दोन मासिकं निघत होती! प्रकरण कोर्टात गेलं. १९६७ च्या तडजोडीत नाव लेगकडे राहिलं, दप्तराचा मोठा भाग स्लेटरकडे. हॅन्सन स्लेटरच्या बाजूनं उभा राहिला आणि त्यांच्या ‘टँजंट्स’ या नव्या मासिकात राबला. लेग यांची बाजू अगदीच पोकळ होती असं नाही. पण मासिक बंद पडलं तर खेड्यातल्या एकट्या वाचकाचं काय, हा स्लेटरचा प्रश्न मला जास्त खरा वाटतो.

माझं ठाम मत आहे की हॅन्सनचा नायक डेव्ह ब्रँडस्टेटर याच मासिकांच्या कचेरीत जन्मला. त्याच्यावरची कादंबरी ‘फेडआउट’ १९७० साली आली, तेव्हा कॅलिफोर्नियात समलिंगी संबंध हा गुन्हाच होता. त्याआधी काही वर्षं प्रकाशक तिला नकार देत होते, शेवटी हार्पर अँड रोच्या जोन कान यांनी ती छापली. डेव्ह ना पोलीस, ना पिस्तूलबाज. तो विमा कंपनीचा तपासनीस आहे, वडिलांच्याच कंपनीत. त्याचा जोडीदार रॉड नुकताच कॅन्सरनं गेलाय आणि तो दुःख आवरत कामावर निघालाय. तो समलिंगी आहे यात रहस्य काही नाही. ते आपल्याला सुरुवातीलाच कळतं आणि कथा पुढे जाते.

विम्याचा धंदा हॅन्सननं उगाच निवडलेला नाही. मेलेल्या माणसाचे पैसे कुणाला, या प्रश्नापाशी प्रत्येक नात्याला कागदावर यावंच लागतं. ‘डेथ क्लेम्स’मध्ये (१९७३) जॉन ओट्स हा पुस्तकविक्रेता समुद्रात बुडून मरतो. मरण्याआधी त्यानं पॉलिसीवरचा वारस बदलायचे फॉर्म मागवलेले असतात, आणि आता वारस असलेला मुलगा बेपत्ता आहे. डेव्ह त्या फॉर्मचा माग काढत घराघरांत शिरतो, आणि कोण कुणाचं होतं ते उलगडत जातं.

डेव्हच्या एकूण बारा कादंबऱ्या. ‘अर्ली ग्रेव्ह्ज’मध्ये (१९८७) एड्स येतो, आणि १९९१ च्या ‘अ कंट्री ऑफ ओल्ड मेन’मध्ये डेव्ह म्हातारा होऊन मरतो. पुढच्याच वर्षी खासगी गुप्तहेरकथा लिहिणाऱ्यांच्या संघटनेनं हॅन्सनला जीवनगौरव दिला. स्लेटर १९९७ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी हॅन्सननं त्यांचं चरित्र लिहून छापलं. २००४ मध्ये तो स्वतः गेला.

मराठीत त्याला आणायचं तर सुरुवात ‘डेथ क्लेम्स’पासून करावी. आपल्याकडे कलम ३७७ चा जाच २०१८ मध्ये संपला, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थखात्यानं स्पष्ट केलं की अशा जोडीदाराला बँक खात्यावर नॉमिनी लावता येतं. एलआयसीच्या एजंटानं ‘नॉमिनी कोण लावू?’ असं विचारलं नाही, असं घर सांगली-साताऱ्यात सापडायचं नाही. अशा घरातल्या वाचकाला डेव्हचं काम समजावून सांगायला तळटीप लागणार नाही.