नव्या हायब्रिड गाडीतील करकर : शोध कसा घ्यावा?

गेल्या काही वर्षांत नागपूरच्या रस्त्यांवर हायब्रिड गाड्या दिसू लागल्या आहेत. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटार अशी दोन्ही साधने या गाडीत असतात व गरजेप्रमाणे एक किंवा दोन्ही मिळून गाडी ओढतात. ही विद्या तशी नवी नाही. जपानमध्ये टोयोटाने १९९७ साली प्रियस बाजारात आणली. भारतात होंडाची सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आणि प्रियस २०१० मध्ये आली. पण त्या गाड्या सामान्य व्यापाऱ्याच्या आवाक्याबाहेर होत्या. २०२२ साली होंडा सिटीची हायब्रिड, टोयोटाची हायरायडर व मारुतीची ग्रँड विटारा आली आणि दुकानदार, ठेकेदार यांच्या दारातही ही गाडी उभी राहू लागली.

अशा गाडीबद्दल एक तक्रार गॅरेजवर हमखास येते : "गाडी नवी कोरी आहे, मग ही करकर कसली?" या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देणारा मिस्त्री ग्राहक गमावतो, आणि घाईने गाडी उघडणारा मिस्त्री ग्राहकाची हमी व प्रसंगी स्वतःचा जीव धोक्यात घालतो. म्हणून आमच्या कारागीर बांधवांसाठी, तसेच गाडी घेतलेल्या व्यापारी बांधवांसाठी, या आवाजाचा शोध कसा घ्यावा ते आम्ही येथे क्रमाने मांडीत आहोत.

करकर आणि खडखड यांतील फरक

प्रथम आवाजाची जात ओळखावी. सैल वस्तू दुसऱ्या वस्तूवर आपटली की खडखड होते. फिरणाऱ्या भागाचा आवाज घरघर किंवा गुणगुण असा सलग येतो व वेगाबरोबर चढतो-उतरतो. करकर मात्र घासण्याची असते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असतात. गाडी हलली की ते क्षणभर चिकटतात, मग सुटतात, पुन्हा चिकटतात. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा हेच घडते. कातडी वहाण नवी असताना करकरते तीही याच कारणाने.

यावरून एक व्यवहारी गोष्ट कळते. खडखड बहुधा आवळल्याने जाते. करकर अनेकदा घट्ट बसलेल्या भागांतूनच येते, त्यामुळे दिसेल तो बोल्ट आवळत सुटल्याने ती जात नाही, उलट वाढूही शकते.

हायब्रिडमध्येच ती का जाणवते?

साध्या पेट्रोल किंवा डिझेल गाडीत इंजिन सतत चालू असते व त्याच्या आवाजात बारीकसारीक कुरकुर दबून जाते. हायब्रिड गाडी हळू वेगात पुष्कळदा केवळ विजेवर चालते. इंजिन बंद पडते आणि एरवी कधी न ऐकलेला आवाज कानावर येतो. समृद्धी महामार्गावर वेगात जाताना वाऱ्याचा व टायरचा आवाज सर्व काही झाकतो. तीच गाडी मोमिनपुऱ्याच्या गल्लीत २० च्या वेगाने वळली की करकर स्पष्ट ऐकू येते. तेव्हा आवाज आला म्हणजे गाडीच खराब निघाली, असे लगेच समजू नये.

दुसरे कारण आपल्या हवेचे. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात बंद उभ्या गाडीचा आतला भाग त्याहून कितीतरी तापतो. एक मीटर लांबीचा पोलादी तुकडा ४० अंशांनी तापला तर सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. प्लॅस्टिक त्याच्या अनेक पटींनी वाढते. डॅशबोर्ड, खांबांवरील पट्ट्या व दाराचे पॅनेल पत्र्यावर बसवलेले असतात. दोघांची वाढ सारखी नसल्याने ते एकमेकांवर घासतात. दुपारी येणारी करकर सकाळी नाहीशी होते ती यामुळेच.

जे आवाज दोष नव्हेत

हायब्रिड गाडीचे काही आवाज तिच्या कामाचेच असतात. सुरू करताना व बंद करताना रिलेची टक् ऐकू येते. काही गाड्यांत दार उघडताच किंवा ब्रेक दाबताच ब्रेकचा विजेवर चालणारा पंप घूं करतो. बॅटरी थंड ठेवणारा पंखा उन्हाळ्यात जोरात फिरतो. हळू वेगात पादचाऱ्यांना सावध करण्यासाठी काही गाड्या मुद्दाम आवाज काढतात.

ब्रेकची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या गाड्यांत वेग कमी करताना मोटार उलट काम करून वीज बनवते, त्यामुळे ब्रेकचे पॅड कमी घासले जातात. पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की डिस्कवर गंज चढतो आणि पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर होते. ती तेवढ्यात थांबली तर चिंता नाही; कायम राहिली तर ब्रेक उघडून पाहावा.

प्रथम प्रश्न, मग पाना

ग्राहक गाडी घेऊन आला की पाना हाती घेण्यापूर्वी वही हाती घ्यावी. आवाज केव्हा येतो : सकाळी की दुपारी? पावसात वाढतो की थांबतो? वळताना, ब्रेक मारताना, गतिरोधकावर की सरळ रस्त्यावर? गाडीत एकटे असताना की पाच माणसे बसल्यावर? सीट कव्हर, मोबाइलचा स्टँड किंवा अन्य सामान नंतर बसवले आहे काय? ही उत्तरे लिहून घेतली की निम्मा शोध झाला असे समजावे. केवळ वळताना येणारा आवाज डॅशबोर्डमध्ये शोधण्यात अर्थ नाही. केवळ दुपारी येणारा आवाज शॉकअपमधून येण्याचा संभव कमी.

यानंतर गाडी पूर्ण रिकामी करावी. दाराच्या कप्प्यातील नाणी, डिकीतील सामान, जॅक, पाने, सुटे पायपोस, सर्व बाहेर. पुष्कळ 'दोष' येथेच सापडतात. मागच्या सीटची कडी नीट बसली आहे का, सीट बेल्टचा बक्कल पॅनेलवर घासतो का, हेही पाहून घ्यावे.

उभ्या गाडीची तपासणी

रेडिओ व एसीचा ब्लोअर बंद ठेवावा. एकाने गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडावा, दुसऱ्याने चाकाजवळ कान द्यावा. उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. करकर आली तर पुढच्या शॉकअपचे वरचे बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा स्प्रिंगची बैठक यांकडे पाहावे. दाबताना आली तर लोअर आर्मचे व अँटीरोल बारचे बुश तपासावेत.

मग एक चाक उंचवट्यावर चढवावे, म्हणजे गाडीचा सांगाडा किंचित पिळतो. अशा स्थितीत दारे व मागचे झाकण यांची रबरी बीडिंग, त्यांचे कुलूप आणि छताची काच करकरते काय ते पाहावे. शंका असलेल्या बीडिंगवर कागदी चिकटपट्टी लावून गाडी पुन्हा हलवावी. आवाज थांबला तर जागा सापडली. बुशांच्या बाबतीत एकेका बुशावर साबणाचे पाणी फवारावे. ज्या बुशावर फवारताच आवाज बदलतो किंवा थांबतो, तो बुश पकडला गेला. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा या कामाचा मुख्य नियम आहे. चार गोष्टी एकदम केल्या आणि आवाज गेला, तरी तो कशाने गेला हे कळत नाही आणि महिन्याने तो परत आला की शोध पुन्हा पहिल्यापासून.

रस्त्यावर फेरी घ्यायची तर ज्या रस्त्यावर, ज्या वेळी व ज्या वेगात ग्राहकाला आवाज येतो तेथेच घ्यावी. एकाने चालवावे, दुसऱ्याने केवळ ऐकावे आणि संशय असलेल्या पॅनेलवर हाताने दाब द्यावा. कामठी मार्गावरील उड्डाणपुलाच्या सांध्यांवर येणारा ठोका आणि गाडीची करकर यांत गल्लत होऊ देऊ नये. सांध्याचा ठोका ठराविक अंतराने येतो.

जागा सापडल्यावर

रबरावर इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस कधीही लावू नये. पेट्रोलियम तेलाने बरेचसे रबर फुगते व लवकर सडते. सिलिकॉनचे वंगण वापरावे. प्लॅस्टिक जेथे प्लॅस्टिकवर घासते तेथे फेल्टची पातळ पट्टी लावावी. साधा स्पंज पाणी धरतो व काही दिवसांत चेपतो. लोअर आर्मचा बोल्ट सैल करून पुन्हा आवळायचा असेल तर चाक हवेत लोंबत असताना आवळू नये. तसे केल्यास गाडी खाली येताच बुशाचे रबर पिळलेलेच राहते, आणि करकर तेथूनच सुरू होते. गाडीचा भार चाकांवर असताना, कंपनीने दिलेल्या मापानेच टॉर्क पान्याने आवळावे.

येथे हात लावू नये

नारिंगी रंगाच्या जाड तारा उच्च दाबाच्या विजेच्या असतात. हा दाब शेकडो व्होल्टपर्यंत जातो आणि माणूस दगावू शकतो. ज्याने या कामाचे रीतसर प्रशिक्षण घेतले नाही, ज्याच्याजवळ विजेचे खास हातमोजे नाहीत, त्याने त्या तारा, बॅटरीचा डबा व इन्व्हर्टर यांना स्पर्शही करू नये. दुसरी गोष्ट : डॅशबोर्डवर 'रेडी' दिवा लागलेला असेल तर इंजिन बंद दिसले तरी ते कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होऊ शकते. बॉनेट उघडून हात घालण्यापूर्वी गाडी पूर्ण बंद करावी आणि चावी दूर ठेवावी.

सीट कव्हर शिवणाऱ्या बांधवांनीही हे ध्यानात घ्यावे. काही हायब्रिड गाड्यांत बॅटरीला हवा देणारी जाळी मागच्या सीटजवळ असते. कव्हरने ती झाकली गेली तर बॅटरी तापते. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर तेथील शिवण कव्हरने बांधून टाकू नये, आणि सीटखालील पिवळे जोड ओढू नयेत. नव्या कव्हरचे रेक्झिन प्लॅस्टिकवर घासून करकरते तेव्हा दोष गाडीचा नसून बेताचा असतो.

हमी, जॉब कार्ड आणि कायदा

गाडी हमीत असेल तर वर सांगितलेली उभ्या गाडीची पाहणी जरूर करावी; पण पॅनेल किंवा चाकाखालचे भाग उघडण्याचे काम अधिकृत वर्कशॉपकडेच द्यावे. हायब्रिड बॅटरीवर टोयोटा भारतात ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी देते. एवढी हमी क्षुल्लक कारणाने वादात घालणे शहाणपणाचे नव्हे. वर्कशॉपमध्ये 'आवाज येतो' एवढेच लिहू देऊ नये. कोठे, केव्हा व किती वेगात येतो ते जॉब कार्डावर लिहून घ्यावे, त्यांच्या माणसाला सोबत बसवून आवाज ऐकवावा आणि प्रत्येक कार्डाची प्रत जपून ठेवावी.

आवाज म्हणजे नुसता त्रास, असेही मानू नये. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२२ या काळात बनलेल्या ११,१७७ ग्रँड विटारा परत तपासणीस बोलावल्या. मागील सीट बेल्टचे ब्रॅकेट कालांतराने सैल होण्याची शक्यता आढळली होती. नव्या गाडीतही जिवाशी संबंधित भाग सैल निघू शकतो, हे यावरून दिसते. आपल्या गाडीसाठी असे बोलावणे निघाले आहे काय, ते चासी क्रमांक देऊन कंपनीकडे विचारता येते व तपासणी विनामूल्य होते.

वारंवार खेपा घालूनही दोष दूर होत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आधार आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ५० लाख रुपयांपर्यंत किंमत मोजलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. व्यापारी बांधवांनी एक भेद ओळखून असावे : व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूसाठी या कायद्याखाली 'ग्राहक' म्हणून दाद मागता येत नाही. स्वतःच्या श्रमाने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू, उदाहरणार्थ स्वतः चालवायची टॅक्सी, मात्र यातून वगळलेली आहे. तेव्हा गाडी फर्मच्या नावे घ्यावी की स्वतःच्या, याचा विचार करताना केवळ कराचा हिशेब पाहू नये.

शोधाची मजुरी

आपल्याकडे सुटा भाग बदलला की पैसे मिळतात, शोधाचे कोणी देत नाही. त्यामुळे मिस्त्रीला भाग बदलण्याचा मोह होतो आणि ग्राहक फसल्याची भावना घेऊन जातो. समजा, दोन तास ऐकून-तपासून उस्तादांनी काही रुपयांच्या फेल्टच्या पट्टीने करकर बंद केली. तेथे पट्टीची किंमत नगण्य, दोन तासांच्या कानाची किंमत खरी. म्हणून गाडी हाती घेण्यापूर्वीच तपासणीची मजुरी सांगावी, वहीत लिहावी, काय तपासले व काय सापडले त्याची चिठ्ठी ग्राहकाला द्यावी. ग्राहकानेही ती मजुरी खळखळ न करता द्यावी; न लागणारा शॉकअप विकत घेण्यापेक्षा ती स्वस्तच पडते.

हायब्रिड गाड्यांची विद्या महाग यंत्रांची आहे आणि ती सर्व छोट्या गॅरेजच्या हाती लगेच येणार नाही. पण हमी संपलेल्या गाड्या उद्या याच गॅरेजकडे येतील. शागिर्दाला आजपासून ऐकायला, विचारायला आणि लिहायला शिकवले तर त्या वेळी काम शोधत फिरावे लागणार नाही.