मान सावरायची तर आधी कंबर

मूल मान धरत नाही, हे घरच्यांच्या लवकर लक्षात येतं. पण तीव्र सेरेब्रल पाल्सी (सीपी) असलेल्या मुलाची खुर्ची करणारा कमरेपासून सुरुवात करतो. कमरेचं हाड मागे कलंडलं की पाठीला पोक येतं आणि मान खाली पडते. अंग ताठ झालं की मूल बैठकीवरून पुढे घसरतं. म्हणून सीपी चेअरचा पहिला पट्टा छातीला नसून जांघेपाशी असतो, कंबर खाली आणि मागे धरून ठेवणारा. कंबर, गुडघे, घोटे काटकोनाच्या जवळपास. तळपाय फळीवर टेकलेले. मांड्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून मध्ये मऊ ठोकळा. बाजूचे आधार, डोक्याचा आधार आणि ट्रे त्यानंतर. बैठक दोन बोटं जास्त खोल झाली तरी तिची कड गुडघ्यामागे रुतते आणि सगळं बिनसतं. शिंप्यासारखं प्रत्येक मुलाचं माप वेगळं घ्यावं लागतं.

या खुर्चीने आजार बरा होत नाही. खुब्याच्या सांध्याची तपासणीही चुकत नाही. पण आडवं निजवून भरवलेली पेज श्वासनलिकेत जाण्याचा धोका मोठा. त्यातून पुन्हापुन्हा न्यूमोनिया होतो, आणि काही मुलांना तर ठसकाही लागत नाही. नीट बसवलं की गिळणं सोपं होतं, नजर समोर येते, हात मोकळे होतात.

मुंबईत मिठू अलूर यांनी 1972 मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया, म्हणजे आजची ‘अडॅप्ट’, सुरू केली ती सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी मालिनी चिब यांच्यामुळे. मालिनी पुढे एका बोटाने टाइप करून लेखिका झाल्या. कानपूरच्या ‘अ‍ॅलिम्को’ या सरकारी कंपनीच्या सीपी चेअर सरकारी शिबिरांतून मिळतात.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर प्रश्न वेगळा आहे. जेवण, गप्पा, खेळ सगळं सारवलेल्या जमिनीवर. उंच खुर्चीतलं मूल त्या सगळ्यातून वगळलं जातं. चढावाच्या पायवाटेवर छोटी चाकं चालत नाहीत. इथे जमिनीलगतची, पाय पुढे पसरून बसायची कोपरा-बैठक बरी. डेव्हिड वर्नर यांच्या 1987 च्या ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रेन’ या पुस्तकात गावातच करता येतील अशा बैठकांच्या आकृत्या आहेत. झिंबाब्वेत बेव्हिल पॅकर यांनी रद्दी कागद-पुठ्ठ्यांचे थर खळीने चिकटवून मजबूत फर्निचर करण्याची पद्धत रुजवली. आपल्या पावसाळ्यात त्याला रंगाचा जाड हात हवाच. आणि वीटभट्टीवर निघालेल्या कुटुंबाला ती बैठक टेम्पोत टाकता यायला हवी.

मूल वाढतं, खुर्ची वाढत नाही. एकदाच्या शिबिरात दिलेली खुर्ची वर्ष-दोन वर्षांत तोकडी होते आणि मग तीच अंग वाकडं करते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये याच भागात, बोर्डीत, बालशिक्षणाचं काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडला नेलं. मुलं येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्याच्या अंगणात भरवली. बैठकीचं मापही तसंच दारी जायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे. त्या पथकाच्या पिशवीत मापाची टेप आणि सोबत एक सुतार, एवढी भर पडली तरी पुष्कळ होईल.