पियानोसह लघु वृंदगायनाचे ध्वनिमुद्रण : मायक्रोफोनच्या मांडणीचा शास्त्रीय विचार

प्रस्तावना :

महाविद्यालयांच्या सांस्कृतिक कार्यात समूहगानाला मानाचे स्थान आहे. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या आंतरविद्यापीठ युवक महोत्सवात भारतीय समूहगानाबरोबरच पाश्चात्त्य समूहगानाचीही स्पर्धा घेतली जाते. गोवा व मुंबई येथील चर्चमध्ये सोप्रानो, आल्टो, टेनर व बास अशा चार स्वरांच्या वृंदगायनाची परंपरा जुनी आहे. अशा गायनाचे ध्वनिमुद्रण ऐकताना एक अनुभव वारंवार येतो. सभागृहात स्पष्ट ऐकू आलेले शब्द मुद्रणात पियानोखाली दबतात आणि आल्टो व टेनर हे मधले स्वर हरवतात. विद्यार्थी आपलेच गायन ऐकून 'आपला आल्टो कमकुवत आहे' असा चुकीचा निष्कर्ष काढतात. दोष बहुधा उपकरणांना दिला जातो व मायक्रोफोनची संख्या वाढविली जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा दोष मुख्यतः अंतराचा व मांडणीचा असतो आणि दोन चांगल्या मायक्रोफोनच्या साहाय्याने तो बव्हंशी दूर करता येतो. बारा ते सोळा गायक व एक ग्रँड पियानो असा वृंद येथे गृहीत धरला आहे.

१. कान आणि मायक्रोफोन :

श्रोता दोन कानांनी ऐकतो, गायकांच्या ओठांकडे पाहतो आणि नको असलेल्या ध्वनीकडे दुर्लक्ष करतो. मायक्रोफोनला अशी निवड करता येत नाही. जे पोहोचते ते सर्व तो नोंदवितो. गायनातील बहुतांश ऊर्जा स्वरांमध्ये असते. शब्दांचा अर्थ स्पष्ट करणारी व्यंजने मात्र क्षीण असून त्यांची ऊर्जा प्रामुख्याने २००० ते ८००० हर्ट्झ या उच्च पट्ट्यात असते. सभागृहातील प्रतिध्वनी व पियानोचा नाद यांमुळे प्रथम हानी होते ती या व्यंजनांची.

२. सभागृह आणि अंतर :

ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट ध्वनीची पातळी ६ डेसिबेलने घटते. परावर्तित ध्वनी मात्र सभागृहात जवळजवळ सर्वत्र सारखाच राहतो. ज्या अंतरावर हे दोन्ही समान होतात त्यास क्रांतिक अंतर म्हणतात. १५ मीटर लांब, १० मीटर रुंद व ५ मीटर उंच अशा सभागृहाचे घनफळ ७५० घनमीटर होते. त्याचा अनुरणनकाल १.५ सेकंद असल्यास क्रांतिक अंतर सुमारे १.३ मीटर येते. समोरचा ध्वनी अधिक व मागचा कमी ग्रहण करणारा कार्डिऑइड मायक्रोफोन वापरल्यास ही मर्यादा सुमारे १.७ पट, म्हणजे २.२ मीटरपर्यंत वाढते. त्यामुळे वृंदापासून दोन मीटरच्या आसपासचे अंतर ही या सभागृहातील योग्य सुरुवात ठरते. प्रेक्षकांतील पाचव्या रांगेत ठेवलेला मायक्रोफोन, तो कितीही महाग असला तरी, प्रामुख्याने सभागृहच मुद्रित करतो.

३. मायक्रोफोनची जोडी :

स्टिरिओ मुद्रणाचा पाया ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये दाखल केलेल्या पेटंटने घातला. आज तीन पद्धती विशेष प्रचारात आहेत. 'एक्स-वाय' पद्धतीत दोन कार्डिऑइड मायक्रोफोन एकाच बिंदूवर, साधारणतः ९० अंशांच्या कोनात ठेवतात. दोन्ही वाहिन्या एकत्र केल्यावरही त्यात हानी होत नाही, मात्र ध्वनिचित्र काहीसे अरुंद भासते. 'ए-बी' पद्धतीत मायक्रोफोन परस्परांपासून दूर असतात. तिच्यात प्रशस्तपणा लाभतो, परंतु गायकांची स्थाने पुसट होतात. फ्रान्सच्या नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'ओआरटीएफ' पद्धतीत मायक्रोफोनमधील अंतर १७ सेंटिमीटर व कोन ११० अंश असतो. स्थाननिश्चिती व प्रशस्तता यांचा समतोल साधत असल्याने लघुवृंदासाठी ती सर्वाधिक सोयीची होय.

४. गायक व पियानो यांची मांडणी :

जोडीची उंची हा दुर्लक्षित, पण निर्णायक घटक आहे. समजा, पुढील रांग जोडीपासून आडव्या अंतराने १ मीटरवर व मागील रांग २.५ मीटरवर आहे. गायकांचे मुख अनुक्रमे १.५ व १.९ मीटर उंचीवर आहे. मायक्रोफोन १.५ मीटर उंचीवर असल्यास मागील रांग पुढील रांगेपेक्षा ८ डेसिबेलने क्षीण येते. तोच ३ मीटरवर नेल्यास हा फरक ३.६ डेसिबेल इतकाच उरतो. केवळ स्टँड उंच केल्याने मागच्या रांगेतील स्वर परत मिळतात.

पियानोचे झाकण उघडल्यावर ध्वनी वादकाच्या उजवीकडे फेकला जातो. मैफलीत पियानो वृंदापुढे असतो, म्हणजेच मायक्रोफोनच्या सर्वांत जवळ. अशा वेळी झाकण आखूड टेकूवर ठेवावे, वृंदाला पायऱ्यांवर उभे करावे आणि जोडी उंचावरून पियानोपलीकडे वृंदाकडे रोखावी. झाकण पूर्ण बंद केल्यास नाद कोंदट होतो. पियानो एका बाजूस सरकविल्यास ध्वनिचित्र त्या बाजूस कलते.

श्रोते नसतील तर अधिक चांगला पर्याय उपलब्ध असतो. वृंद अर्धवर्तुळात उभा करून जोडी त्याच्याकडे रोखावी व पियानो जोडीच्या मागे ठेवावा. ओआरटीएफ जोडीत नेमका मागून येणारा थेट ध्वनी समोरच्या मध्यभागापेक्षा गणिताने सुमारे ११ डेसिबेल कमी ग्रहण होतो. पियानो पुढे-मागे सरकवून त्याचे प्रमाण हवे तसे ठरविता येते. शिवाय गायक व वादक परस्परांना पाहू शकतात.

५. पूरक मायक्रोफोन :

मागे ठेवलेल्या पियानोचा नाद अस्पष्ट वाटल्यास त्याच्याजवळ एक पूरक मायक्रोफोन द्यावा. तो मुख्य जोडीपासून ३ मीटरवर असल्यास त्यात पियानो सुमारे ९ मिलिसेकंद आधी पोहोचतो. म्हणून मिश्रणाच्या वेळी त्यास तितका विलंब द्यावा व त्याची पातळी बेताचीच ठेवावी.

प्रत्येक दोन-तीन गायकांपुढे स्वतंत्र मायक्रोफोन देणे मात्र टाळावे. एकच आवाज दोन मायक्रोफोनना ३४ सेंटिमीटरच्या फरकाने पोहोचला, तर १ मिलिसेकंदाचा विलंब निर्माण होतो. असे दोन संकेत समान पातळीवर मिसळल्यास ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी ते परस्परांना छेदतात व आवाज पोकळ होतो. अनेक मायक्रोफोन अपरिहार्य असल्यास त्यांतील परस्परअंतर गायकापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट असावे.

निष्कर्ष :

१. वृंद व पियानो यांचा समतोल मुद्रणापूर्वी, जागेवरच साधावा लागतो. दोन वाहिन्यांत एकदा मिसळलेला पियानो नंतर पूर्णपणे वेगळा काढता येत नाही.
२. प्रथम माणसे व वाद्य, नंतर मुख्य जोडी आणि गरज भासल्यासच पूरक मायक्रोफोन, हा क्रम पाळावा.
३. पंखे बंद करून रचनेतील सर्वांत मोठा व सर्वांत हळू असे दोन्ही भाग चाचणीदाखल मुद्रित करावेत आणि ते रचना माहीत नसलेल्या सहकाऱ्यास ऐकवावेत. त्यास शब्द कळले, तर मांडणी योग्य आहे.

महाविद्यालयाच्या संग्रहातील ध्वनिमुद्रण हा पुढील पिढ्यांसाठी त्या वृंदाचा बहुधा एकमेव पुरावा असतो. तो विश्वसनीय ठरविण्यासाठी मोठ्या खर्चापेक्षा मोजपट्टी, उंच स्टँड व तालमीतील अर्धा तास यांची आवश्यकता अधिक आहे.