भिंत मेक्सिकोत, चित्र अमेरिकेत

मेक्सिको सिटीपासून ईशान्येला साधारण ५० किलोमीटरवर तेओतिवाकान हे प्राचीन शहर आहे. फोटोत दिसतो तो बहुतेक वेळा सूर्याचा पिरॅमिड, उंची सुमारे ६५ मीटर. पण इथली खरी श्रीमंती घरांच्या भिंतींवर होती.

भरभराटीच्या काळात इथं लाखभर लोक राहत. एका आवारात अनेक कुटुंबं, जवळपास आपल्या वाड्यासारखीच रचना. अशी सुमारे दोन हजार आवारं होती. भिंतीला चुन्याचा पातळ गिलावा द्यायचा आणि तो ओला असतानाच रंगवायचं. लाल रंग लोहखनिजाचा, हिरवा मॅलाकाइटचा. सहाव्या शतकाच्या सुमारास शहराच्या मध्यातल्या मोठ्या इमारती जळाल्या, मग वस्ती ओसरत गेली. 'तेओतिवाकान' हे नावसुद्धा काही शतकांनी आलेल्या अझ्टेकांनी दिलेलं.

१९६० च्या दशकात चोरांनी यातल्या काही भिंतींवरची चित्रं कापून नेली. ती थेट उघडकीला आली १९७६ मध्ये. सान फ्रान्सिस्कोचे वास्तुविशारद हॅराल्ड वॅग्नर वारले आणि मृत्युपत्रानं तिथल्या संग्रहालयाला ७० हून अधिक तुकडे मिळाले. फुकटात आलेला असा ठेवा म्हणजे जमेच्या बाजूला लिहावा की देण्याच्या, हा प्रश्न कॉमर्सवाल्यालाही सुटणार नाही!

मेक्सिकोनं मागणी केली, पण अशी भित्तिचित्रं आणण्यावर बंदी घालणारा अमेरिकी कायदा १९७२ चा आणि तुकडे त्याआधीच देशात शिरलेले. म्हणजे कागदावर संग्रहालय सुरक्षित होतं. तरीही त्यांनी स्वतःहून बोलणी केली, दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून तुकड्यांची डागडुजी केली आणि १९८६ मध्ये निम्म्याहून अधिक तुकडे परत गेले.

आता मुद्दा असा, की ही चित्रं नेमकी कुठल्या घरातली? जागा कळली नाही तर चित्र नुसतं सुंदर राहतं, त्याचा इतिहास जातो. साऱ्या शहराचा नकाशा करणारे पुरातत्त्वज्ञ रेने मिलॉन यांनी १९८० च्या दशकात शोध लावला : तेचिनान्तित्ला नावाचं आवार. मग तुकडे जुळू लागले. पिसांचा लांबलचक सर्प, त्याच्या खाली फुललेल्या झाडांची रांग, आणि प्रत्येक झाडाच्या मुळाशी एक खूण. या खुणा म्हणजे नावं असावीत, असं अनेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर ज्या शहराचा एकही ग्रंथ उरला नाही, त्याचं लिखाण या भिंतीवर आहे.

त्या भिंतीचे काही तुकडे आज मेक्सिकोत आहेत, काही अजून सान फ्रान्सिस्कोत.