अळंबी ओळखताना

मिरग सरून आषाढाचा पाऊस लागला की आमच्या वाडीत सकाळी एकच विषय असतो : अळंबी उगवली की नाही? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, आणि विषय तर मराठी! मग बुरशीवर लिहिण्याचा अधिकार मला कुणी दिला, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर माझ्या एका चुकीत आहे.

नववीत असताना मी गुरांच्या चरणीच्या गवतातून ओटीभर मोठाल्या पांढऱ्या छत्र्या वेचून आणल्या. आजी त्या दिवशी गावाला गेली होती. आईने भाजी केली, चांदीचा जुना रुपया टाकून पाहिला. तो काळा पडला नाही. सर्वांत जास्त भाजी धाकट्या भावाने खाल्ली. दोन तासांत त्याला उलट्या सुरू झाल्या आणि रात्रभर सलाईन लावावे लागले. तो वाचला. आजी परतल्यावर एवढेच म्हणाली, "खाली वारूळ आसा काय तां बघूक नको गो?"

या एका वाक्यात किती शास्त्र आहे ते मला पुढे कळले. आपण आवडीने खातो ती रानअळंबी बहुतांशी 'टर्मिटोमायसिस' वंशातली. हे नाव रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 साली दिले. वाळवी वारुळात ही बुरशी जोपासते; पावसात तिच्या छत्र्या वर येतात. म्हणून देठ हळूच उकरला, तर तो मुळासारखा निमुळता होत खोल वारुळापर्यंत गेलेला दिसतो. टोपीच्या मधोमध बहुधा टोकदार उंचवटा असतो.

माझ्या त्या छत्र्यांना असे मूळ नव्हते. पुढच्या वर्षी त्याच जागेवरची एक टोपी मी देठ कापून, कल्ल्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवली आणि वर वाटी पालथी घातली. सकाळी कागदावर हिरवट भुकटीची नक्षी उमटली होती! ही भुकटी म्हणजे बीजाणू. गवतात उगवणाऱ्या 'क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस' या विषारी छत्रीची हीच खूण आहे. तिचे कल्ले कोवळेपणी पांढरेच असतात, म्हणून नजर फसते. वारुळावरच्या अळंबीची भुकटी गुलाबीसर पडते. देठाशी पेला आणि वर कडे असलेल्या 'अमानिटा' वंशातल्या छत्र्यांची भुकटी पांढरी. या वंशातल्या काही जाती प्राणघातक आहेत. त्यांचे विष शिजवूनही जात नाही आणि त्रास सहाबारा तासांनी सुरू होतो. तोवर यकृताला इजा पोचू लागलेली असते. चांदी काळी पडणे, किड्यांनी खाल्लेले असणे, या खुणांवर विसंबू नये.

आता झाडाच्या खोडाला फळीसारख्या चिकटलेल्या बुरशांकडे वळू. त्यांना बहुधा देठ नसतो. फळी उलटून पाहावी. कल्ल्यांऐवजी सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे असतील, तर ती छिद्रधारी बुरशी. वरून व्हार्निश लावल्यासारखी तांबूस चकाकी असेल, तर 'गॅनोडर्मा' असण्याचा संभव. पातळ आणि रंगीत पट्ट्यांची असेल, तर 'ट्रॅमेटिस'कडे पाहावे. वाळक्या फांदीवर करड्या, लवदार पंख्यांची रांग असून खालचे कल्ले मधोमध उभे चिरलेले असतील, तर ती 'शिझोफायलम'. कोरड्या हवेत तिचे कल्ले वळून मिटतात आणि पाऊस पडताच पुन्हा उघडतात.

फणसाच्या जुन्या खोडावर येतो तो आमचा फणसांबा. 'फेलिनस' वंशातल्या या बुरशा लाकडासारख्या टणक, वरून काळपट भेगाळलेल्या आणि आतून गंजाच्या रंगाच्या असतात. लहान मुलाचे तोंड आले की आजी फणसांबा सहाणेवर उगाळून लावते. मात्र दिसणारी फळी हे केवळ फळ. खरी बुरशी तंतूंच्या रूपाने लाकडात पसरलेली असते. उभ्या झाडावर अशी फळी दिसली, तर आतले लाकूड कुजू लागले असावे असे समजावे आणि वादळात त्याखाली थांबू नये.

बुरशी ही वनस्पती नव्हे, हे वाचून मला नवल वाटले. तिच्यात हरितद्रव्य नाही, आणि तिच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असते, म्हणजे कुर्लीच्या कवचात असते तेच द्रव्य! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाचा कवकसंग्रह आहे. तो पाहायची माझी फार इच्छा आहे.

आजीला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात मी वेचून आणलेली अळंबी तिने बोटांनी चाचपली, देठाचे टोक शोधले आणि दोन बाजूला काढली. ती दोन कोणती होती, हे मला अजून सांगता येत नाही. मित्रमैत्रिणींनो, माझा हा लेख वाचून कुणी अळंबी खाऊ नये. शंका आली की टाकून द्यावी. मात्र घरात अशी एखादी आजी असेल, तर या पावसात तिच्याबरोबर रानात जरूर जावे आणि सोबत वही न्यावी.